चाळीस गुणिले एकतीसशे

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता डॉ. शलाका उपाध्ये यांनी वेदिका चौगुलेला सांगितले की मानपट्टा महिनाअखेरीस परत करावा लागेल.

सांगण्याआधी त्यांनी आपली खुर्ची ओढून वेदिकाच्या चाकाच्या खुर्चीसमोर आणली होती. कोल्हापुरातल्या त्या मणका पुनर्वसन केंद्रात वाईट बातमी टेबलापलीकडून सांगायची नाही, असा डॉक्टरांचा शिरस्ता होता.

"पट्टे मोजकेच आहेत, वेदिका. दसऱ्यापर्यंत तुझा डावा हात छान सुधारत होता. त्यानंतर काहीच नाही. रोजचा तास तू चुकवलेला नाहीस, पट्ट्यातली विद्युतधारा पूर्ण चाळीसची आहे, आमच्याकडे सगळी माहिती येते. म्हणजे तुझ्या मज्जातंतूंकडून जेवढं मिळायचं होतं तेवढं मिळालं, असंच आम्हाला धरावं लागतं. यादीत पुढचा माणूस थांबलाय."

"कोण?"

"नाव नाही सांगता येणार. गवंडी आहे. परांचीवरून पडला."

वेदिकाने आपल्या मांडीवर पडलेल्या डाव्या हाताकडे पाहिले. बोटे अर्धी मिटलेली होती, झोपलेल्या बाळाची असतात तशी.

"मग द्या की त्याला," ती म्हणाली. "त्याच्या घरात चार माणसं असतील त्याच्या हातावर."

मागे उभ्या असलेल्या अक्षता फडतरेने खुर्चीची मूठ इतकी आवळली की खुर्ची जागची हलली. वेदिकाची आई, मंगलाबाई, पिशवीत काहीतरी शोधू लागल्या. पिशवीत शोधण्यासारखे काही नव्हते.

साल २०३८. मानपट्टे घरोघरी जाऊ लागून तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. त्यामागची कल्पना सोपी होती. मान मोडली म्हणजे आतले सगळे तुटते असे नाही. पुष्कळांच्या मज्जारज्जूत काही धागे शाबूत राहतात. मात्र त्यांच्यावरून येणारा मेंदूचा निरोप इतका क्षीण असतो की खालच्या पेशींना तो ऐकूच येत नाही. मानपट्टा स्वतः कोणताही निरोप देत नाही. मानेच्या कातडीवर चिकटवलेल्या दोन चकत्यांमधून तो ठरलेली विद्युतधारा सोडतो आणि त्या पेशींना जागे ठेवतो. जाग्या पेशींना क्षीण निरोपही पुरतो. रोज तासभर पट्टा लावून बोटे हलवण्याचा सराव केला, की काही महिन्यांनी ती वाट रुळते. काहींना पुढे पट्ट्याविनाही बोटे हलवता येतात.

धारा मात्र नेमकी लागते. वेदिकासाठी ती केंद्रातल्या चाचण्यांत ठरली होती. पस्तीस मिलिअँपिअरच्या खाली तिची बोटे ढिम्म हलत नसत. चाळीसला जागी होत. मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. घरातल्या पंख्याला याच्या कितीतरी पट लागते.

पट्टा श्रावणात मिळाला. गणपतीत वेदिकाने डाव्या हाताने ताटातला मोदक उचलला. चिरडला, पण उचलला. मंगलाबाईंनी तो चिरडलेला मोदक कोणाला खाऊ दिला नाही, देवापुढे ठेवला. नवरात्रात ती चमचा धरू लागली. आणि दसऱ्यानंतर सगळे जिथल्या तिथे थांबले, मग हळूहळू मागे गेले. चमचा पुन्हा आईच्या हातात आला.

अक्षता या घरात कशी आली, हे मुरगुडात सगळ्यांना माहीत होते.

तीन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या मैदानात या दोघींची कुस्ती लागली होती. लाल माती, हलगीचा कडकडाट, दोन्हीकडच्या माणसांचा आरडाओरडा. वेदिका मुरगूडच्या तालमीची, अक्षता कराडकडची. अक्षताने कलाजंग टाकला, म्हणजे समोरच्या पैलवानाला आडवे खांद्यावर घेऊन मागे टाकायचा डाव. डाव स्वच्छ होता. पंचांनी ते सांगितले, दोन्ही वस्तादांनी सांगितले, आणि बोलता येऊ लागल्यावर वेदिकानेही पहिल्यांदा तेच सांगितले. पडताना मान खाली आली, एवढेच.

त्यानंतर अक्षता आखाड्यात उतरली नाही. पुढच्या वर्षी मुरगूडच्या मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागली आणि शाळेआधी रोज सकाळी चौगुल्यांच्या दारात येऊन उभी राहू लागली. मंगलाबाई तिला आत घ्यायच्या, बोलायच्या मात्र नाहीत. तिने घर झाडले, वेदिकाला खुर्चीत बसवले, तिचे गुडघे वाकवून सरळ केले, तरी नाहीत. एके सकाळी अक्षता आली तेव्हा उंबऱ्याच्या आत वाटी ठेवलेली होती. वाटीत तिळाचे तेल होते, कोमट केलेले. मंगलाबाई चुलीकडे तोंड करून म्हणाल्या, "तालमीतली हायस न्हवं? मग मालीश कर नीट."

तालमीत जोडीदार एकमेकांना मालीश करतात. राग असलेल्याच्या हाती कोणी मान देत नाही. ती वाटी कशाची होती, हे अक्षताला सांगावे लागले नाही.

सुरुवातीला मालीश हातापायांना होती. वेदिकाला त्यातले फारसे कळत नसे. खांद्याखाली स्पर्श कुठे अर्धा, कुठे नुसता दाबासारखा, कुठे मुळीच नाही. दसऱ्याला सरावाने मान आणि खांदे आखडले, तेव्हा अक्षताने पहिल्यांदा मानेला तेल लावले. दोन्ही अंगठे केसांच्या रेषेपासून खाली आणले आणि वेदिकाच्या डोळ्यांतून पाणी आले.

"दुखलं का गं?"

"न्हाई. कळलं."

डोके सोडले तर अख्ख्या शरीरात पूर्ण स्पर्श कळणारी एवढीच जागा उरली होती. त्या दिवसापासून मानेची मालीश रोजची झाली. मालीश झाली की मान पुसायची, पट्टा लावायचा. तेलामुळे चकत्या सरकत. अक्षताने सुती धोतराची पट्टी फाडून वरून आवळून बांधायला सुरुवात केली. गाठ अशी पक्की की पट्टा तसूभर हलत नसे.

शनिवारी सकाळी केंद्रातून मगदूमचा फोन आला. अभिषेक मगदूम हा तिथला उपकरणे पाहणारा अभियंता, वयाने वेदिकाएवढाच. वेदिका सरावाला बसली होती. समोरच्या पाटावर पट्ट्याला तारेने जोडलेला छोटा पडदा होता, शेजारी लिंबू होते आणि ते उचलायचे होते. लिंबू उचलले जात नव्हते. अक्षताने फोन पाटावर ठेवून आवाज मोठा केला.

"वेदिकाताई, पट्टा परत घ्यायच्या आधी तो धड चालतो का ते बघावं लागतं. पुढच्याकडं बिघडलेला जायला नको. आत्ता लावलाय का?"

"लावलाय. बसलोय मी सरावाला."

"बसलोय!" अक्षता हळूच हसली. कराडकडच्या तिला कोल्हापूरच्या बायकांचे हे येतो-जातो-बसलो अजून पचत नव्हते. "म्हण ना एकदा, बसलेय."

"गप गं. बोला मगदूमदादा."

"पडद्यावर दोन आकडे असतील. वरचा वाचा."

"चाळीस."

"ती धारा. आता खालचा."

"तीन हजार एकशे."

मग मगदूम म्हणाला, "परत वाचा."

"एकतीसशे. दादा, तो आकडा पाच हजाराच्या आत असला की चकत्या नीट बसल्या, असं तुम्हीच सांगितलं होतं. आत हाय की."

"सांगितलं होतं. चकती निघाली की नाही हे कळायला तो आहे, तो रोध. कातडी धारेला किती अडवते त्याचा आकडा, ओहममध्ये." मगदूम आता सावकाश बोलू लागला. "हे बघा, तुम्ही दोघी पैलवान. समोरच्याला रेटत न्यायचंय. तो किती सरकतो ती धारा. त्याचं अंग किती अडवतं तो रोध. आणि तुम्ही मागून लावता तो जोर म्हणजे व्होल्टेज. समोरचा जास्त अडवायला लागला आणि तरी तेवढंच सरकवायचं असलं, तर काय वाढवाल?"

"जोर," दोघी एकदम म्हणाल्या.

"तेच पट्टा करतो. चाळीस म्हटलं की चाळीसच सरकवायचं. कातडी जितकी अडवेल तितका जोर वाढवायचा. जोर किती लागेल ते पट्टा दाखवत नाही, पण काढता येतं. धारा गुणिले रोध. शाळेत शिकलो तेच. आकडा मिलिअँपिअरमध्ये आहे म्हणून शेवटी हजारानं भागायचं. करा."

गुणाकार अक्षताने केला. लिंबाकडे बघत, ओठांतल्या ओठांत. "चाळीस गुणिले एकतीसशे... एक लाख चोवीस हजार. हजारानं भागून एकशे चोवीस."

"एकशे चोवीस व्होल्ट. आता खरी गोष्ट सांगतो. घरच्या पट्ट्याच्या बॅटरीला ऐंशीच्या वर जोर लावता येत नाही. चटका बसू नये म्हणून मुद्दाम तसं केलंय."

"मग तो काय करतो?" वेदिकाने विचारले.

"ऐंशी लावतो आणि गप्प बसतो. ऐंशी भागिले एकतीसशे... सव्वीसच्या आसपास. तुम्हाला सव्वीसच मिळतायत, ताई. पडद्यावर चाळीस दिसतंय, कारण तो आपण मागितलेला आकडा आहे, गेलेला नव्हे. आणि केंद्राकडंही तोच येतो."

पस्तीसच्या खाली बोटे हलत नाहीत, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना पाठ होते.

"कातडी एवढी अडवत नसते कधी," मगदूम पुढे म्हणाला. "हजार, फार तर बाराशे. मानेला काही लावता का तुम्ही?"

अक्षताची बोटे तेलाने चकाकत होती. तिने ती मुठीत घेतली.

"न्हाई," वेदिका म्हणाली. "पाण्यानं पुसतो नुसती."

"नक्की?"

"नक्की."

"मग चकत्यांचा जेल वाळला असेल. नव्या पाठवतो. पण महिनाअखेर जवळ आलीय, डॉक्टरांना सांगायला माझ्याकडे कारण पाहिजे. बघतो." फोन बंद झाला.

अक्षताने वेदिकाच्या मानेवरची गाठ सोडली, पट्टा काढला, चकत्यांच्या आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि तो उजेडात धरला.

"खोटं का बोललीस?"

"तुझं नाव सांगायचं होतं काय मी?"

"माझ्या नावाचं काय करायचंय! दसऱ्यापास्नं... वेदे, दसऱ्यापास्नं तुझी बोटं मी बांधून ठेवली. वरनं गाठ मारून."

"तुला काय ठाऊक होतं?"

"मैदानातपण ठाऊक नव्हतं."

वेदिका एकदम उसळून म्हणाली, "हे बघ, तसलं काही बोलायचं असलं तर जा तू! तीन वर्षं मी ते ऐकून घेतलं नाही, आता घेणार न्हाई."

अक्षता गेली. शाळेला सुट्टी होती, तरी गेली. वाटी पाटाशेजारी तशीच राहिली. मंगलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते. त्यांनी वाटी उचलली. आत नेली नाही, फेकलीही नाही. हातात धरून उभ्या राहिल्या.

"तेल मी दिलंतं," त्या म्हणाल्या. "कोमट करून."

"आई, तू पण नको सुरू करू आता."

"सुरू करत न्हाई. फोन लावून देऊ का त्या पोराला?"

वेदिकाने मान हलवली. नाही. तिला राग येत नव्हता, हेच तिला अवघड जात होते. आला असता तर सोपे झाले असते. ते महिने वाया गेले, असे तिला कितीही म्हणून पाहिले तरी म्हणता येत नव्हते. रोज सकाळी कोणीतरी येऊन आपल्या मानेवर हात ठेवते, आणि तो पूर्ण कळतो, यावर तिने ते महिने काढले होते. आता मगदूमला तेल सांगायचे म्हणजे ती सकाळ सोडायची. नाही सांगायचे म्हणजे हात सोडायचा. एकीकडे अंगठा आणि चार बोटे. दुसरीकडे अक्षताचे दोन अंगठे. दिवसभर ती याच्यातच अडकून राहिली. संध्याकाळी आईला म्हणाली, "उद्या सांगतो." पण कोणाला, ते म्हणाली नाही.

तिला सांगावे लागले नाही. रविवारी सकाळी अक्षता नेहमीच्या वेळेला दारात आली. तिच्या हातात डाळीच्या पिठाचा पुडा होता.

"मगदूमला फोन केला मी. शाळेच्या मैदानातनं. सांगितलं सगळं. तेल, गाठ, सगळं."

"काय म्हणाला?"

"आधी हसला. मग म्हणाला, पट्टा बनवणाऱ्यांनी सगळ्याचा विचार केला होता. घामाचा, केसांचा, पावसाचा. मानेला रोज तिळाचं तेल लागेल असं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. तेल धारेला जाऊ देत नाही म्हणे." तिने पुडा मंगलाबाईंच्या हाती दिला. "मी त्याला विचारलं, तेलावरनं हात सटकतो तशी धारा सटकते का? तर म्हणाला, सटकत नाही, अडते. मी म्हणलं, मग माती लावू का वरनं? कुस्तीत हात सटकू नये म्हणून लावतोच की. तर ओरडलाच. साबण नाहीतर डाळीचं पीठ, म्हणाला. माती अजिबात नाही."

वेदिका हसली. कालपासून पहिल्यांदा. मंगलाबाईही हसल्या आणि पिठात कोमट पाणी ओतू लागल्या.

मान त्यांनीच धुतली. पीठ चोळले, निपटून काढले, पुन्हा चोळले. दिवाळीला पोरींना घासतात तशी खसाखसा. "आई, कातडं राहू दे," असे वेदिका म्हणाली तेव्हा त्या थांबल्या. मान कोरडी केली, मग मिठाच्या पाण्यात बुडवून पिळलेला फडका हळूच फिरवला. मगदूमने तसे सांगितले होते. नव्या चकत्या अजून यायच्या होत्या; जुन्याच पुसून लावल्या. गाठ कोणी मारली नाही. पट्टा आपोआप चिकटून बसला.

"खालचा आकडा?" अक्षताने विचारले. ती मुद्दाम पडद्याच्या मागच्या बाजूला बसली होती.

"एकोणीसशे."

अक्षताचे ओठ हलले. "शहात्तर."

ऐंशीच्या आत. चार व्होल्टने आत.

पाटावर कालचेच लिंबू होते. वेदिकाने त्याच्याकडे पाहिले आणि, गणपतीपासून ती करत होती तसे, बोटांना सांगितले. पहिल्यांदा काही झाले नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग अंगठ्याचे टोक आत वळले. लिंबू उचलले गेले नाही. ते हलले, पाटावरून गडगडत गेले आणि मंगलाबाईंच्या पायाशी थांबले. त्यांनी ते उचलून कपाळाला लावले.

अक्षता रडत होती. वेदिका तिला म्हणाली, "रड, पण लिंबू आण परत."

केंद्राने जे केले ते इथे नोंदवायला हवे, कारण त्याचा परिणाम या एका घरापुरता राहिला नाही. डॉ. उपाध्ये यांनी सोमवारी वेदिकाला बोलावून घेतले, मान स्वतः तपासली, आकडे पाहिले. "माहितीत मागितलेली धारा येत होती, गेलेली नव्हे," त्या म्हणाल्या. "हा गुणाकार आम्ही पहिल्या आठवड्यात करायला हवा होता. होळीपर्यंत पट्टा तुझ्याकडे राहील. मग फेरतपासणी." मगदूमने पट्ट्याच्या पडद्यात बदल सुचवला, आता तिसराही आकडा दिसतो, व्होल्टेजचा, आणि तो सत्तरच्या वर गेला की लाल होतो. 'उपयोग नाही' म्हणून ज्यांचे पट्टे परत घेतले होते, त्या सगळ्यांना केंद्राने फोन केले. कोणाकडे खोबरेल तेल, कोणाकडे दुखऱ्या मानेवर रोजचे बाम, आजऱ्याच्या एका बाईंकडे तूप. काहींना पुन्हा बोलावले आहे. त्यांच्यातल्या कितींना फरक पडेल, हे अजून कोणी सांगू शकत नाही.

"आणि तो गवंडी?" वेदिकाने डॉक्टरांना विचारले.

"थांबलाय. दुसरा पट्टा मिळतो का बघतेय. तुझ्यामुळे थांबला असं मनात आणू नकोस."

"माझ्यामुळंच थांबलाय की. पण मी एक तासच लावतो. बाकीचा दिवस पट्टा नुसता पडून असतो. मुरगूडला येऊन लावंल का तो?"

तसे करता येते का, हे आजवर कोणी विचारले नव्हते. विचारून बघते, असे डॉक्टर म्हणाल्या. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

घरात एक गोष्ट उरली होती. पहिले काही दिवस अक्षता यायची, हातापायांची मालीश करायची, आणि मानेशी आली की हात पुसून बाजूला व्हायची. मान मंगलाबाई धुवायच्या. पट्टा उत्तम चालत होता, खालचा आकडा अकराशेवर आला होता, अक्षता न विचारता सांगायची, "चव्वेचाळीस." आणि वेदिकाला, लिंबू उचलता उचलता, मानेवर काहीतरी राहून गेल्यासारखे वाटायचे.

एका सकाळी ती म्हणाली, "तेल नको म्हणालेत. हात नको म्हणाले न्हाईत."

अक्षताने साबणाने हात धुतले. नखांतून, मनगटापर्यंत, मंगलाबाई बघत असताना. मग कोरडे केले आणि वेदिकाच्या मानेवर ठेवले. तेलाविना हात सरकत नव्हते. तळव्यावर दोरखंड चढून पडलेले जुने घट्टे होते. तेलात ते कधी कळले नव्हते. आता एकेक कळत होता.

"खरखरीत हाय गं," अक्षता म्हणाली. "काढू का?"

"राहू दे."

वेदिकाने डोळे मिटले. या मानेचे नेमके कोणाकोणाचे देणे झाले, हे तिला मांडता आले नसते. आईची वाटी होती, मगदूमचे 'परत वाचा' होते, शाळेत कधीतरी फळ्यावर लिहिलेला आणि तिने कंटाळून बघितलेला एक गुणाकार होता. आणि हे दोन हात. ती काही बोलली नाही. बोलली असती तर अक्षताने हात काढून घेतले असते.

परवा, शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास दोघी तालमीत गेल्या. मुलींचा सराव संपला होता. वस्तादांनी माती नुकतीच कुदळीने खणून भिजवली होती. ताक, हळद, लिंबू आणि ओली लाल माती यांचा वास दारापासूनच येत होता. वेदिका तीन वर्षांनी तिथे आली होती. चाके मातीत जात नाहीत, म्हणून खुर्ची कुस्तीच्या मातीच्या हौदाच्या कडेला लावली. अक्षता कडेवर थबकली. मग चपला काढून, मातीला हात लावून तो कपाळाला लावून, आत उतरली. मैदानातल्या त्या कुस्तीनंतर पहिल्यांदा. वेदिकाच्या पायांशी मातीत बसली.

मानपट्टा लावलेला होता. पडद्यावर चाळीस, एक हजार पन्नास आणि नवा तिसरा आकडा, बेचाळीस.

अक्षताने आपले उजवे मनगट वेदिकाच्या डाव्या तळव्यात ठेवले. "धर."

बोटे सावकाश मिटली. आधी अंगठा, मग मधली, मग बाकीची. मनगटाभोवती त्यांचे कडे झाले. अक्षताने हात किंचित मागे ओढून पाहिला, पकड तपासतात तसा. कडे सुटले नाही.

"आयला," ती म्हणाली. "बसलीय की पकड."

"बसलीय."

"बरं, सोड आता."

वेदिकाने बोटांना सांगितले. बोटे उघडली नाहीत. तिने पुन्हा सांगितले. मिटणे आणि उघडणे यांच्या वाटा मज्जारज्जूत वेगळ्या असतात, हे डॉक्टरांनी तिला आधीच समजावले होते. पुष्कळांना पहिली आधी परत मिळते, दुसरी मागाहून, आणि काहींना दुसरी मिळतच नाही.

"सुटंना," वेदिका म्हणाली.

अक्षताला मनगट सोडवून घेता आले असते. असल्या पकडीतून निसटायचे प्रकार तिला झोपेतही आठवले असते. तिने तसे केले नाही. ती मातीत मांडी घालून नीट बसली.

"बसतो," ती म्हणाली.

फेरतपासणी होळीनंतरच्या सोमवारी आहे.